झारचे तख्त कोणी उलथवले?



सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला दरवर्षी हमखास भेटते. "१९१७ साली लेनिनने क्रांती करून झारला गादीवरून खाली खेचले." वर्गातील निम्म्याहून अधिक मुले हेच लिहितात आणि पूर्ण गुणांची अपेक्षा धरतात. मुलांना दोष काय द्यावा? बी. एड्. होऊन मी नोकरीस लागलो, त्या पहिल्या वर्षी मी स्वतः फळ्यावर जवळजवळ हेच लिहिले होते. पुढे वाचन वाढले तेव्हा ध्यानात आले, की झारने ज्या रात्री सहीनिशी तख्त सोडले त्या रात्री लेनिन रशियात नव्हताच. तो स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात एका चांभाराच्या घरी भाड्याने राहत होता. झारशाही कोसळल्याची बातमी त्याला इतरांसारखीच वर्तमानपत्रांतून समजली.

मग तख्त उलथवले कोणी? आणि ते रिकामे झाल्यावर सत्ता लेनिनच्या हाती आली कशी? या दोन प्रश्नांच्या मध्ये आठ महिने आहेत. पाठ्यपुस्तकात त्यांना फार तर दोन ओळी मिळतात. मला आज त्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेविषयीच सांगायचे आहे.

आरंभी तारखांचा घोळ मिटवू. रशियात तेव्हा जुने पंचांग चालत असे व ते आपल्या इंग्रजी तारखेच्या तेरा दिवस मागे होते. म्हणूनच 'फेब्रुवारी क्रांती' आपल्या हिशेबाने मार्चमध्ये येते आणि 'ऑक्टोबर क्रांती' नोव्हेंबरमध्ये. खाली मी रशियातल्या त्या वेळच्या जुन्याच तारखा दिल्या आहेत.

रोमानोव्ह घराणे १६१३ पासून गादीवर होते. शेवटचा झार दुसरा निकोलस १८९४ साली गादीवर आला. माणूस कुटुंबवत्सल, धार्मिक; पण राज्य आपल्याला ईश्वराने दिलेले असून त्यातला काडीइतकाही वाटा प्रजेला देणे म्हणजे पाप, अशी त्याची पक्की समजूत. १९०५ च्या जानेवारीत कामगारांचा जमाव अर्ज घेऊन राजवाड्याकडे निघाला, तेव्हा त्याच्या सैन्याने त्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी देशभर उठाव झाला आणि झारला 'ड्यूमा' म्हणजे लोकप्रतिनिधींची सभा देणे भाग पडले. परंतु एका हाताने दिलेले त्याने दुसऱ्या हाताने काढून घेतले. १९०७ साली मतदानाचे नियमच बदलले आणि सभेत जमीनदारांचा भरणा केला. मग १९१४ चे महायुद्ध आले. सुमारे दीड कोटी माणसे सैन्यात ओढली गेली. १९१५ साली झारने स्वतःच सरसेनापतिपद घेतले, म्हणजे यापुढचा प्रत्येक पराभव थेट त्याच्या नावावर जमा होऊ लागला. राजधानीत राणी आणि तिचा रासपुतिन नावाचा साधू मंत्र्यांच्या नेमणुकांत ढवळाढवळ करीत होते. डिसेंबर १९१६ मध्ये खुद्द राजघराण्याच्या नात्यातल्या माणसांनी त्या साधूचा खून केला. रासपुतिनच्या भानगडी पुष्कळांनी चवीने लिहिल्या आहेत. माझ्या मते तख्त त्याच्यामुळे पडले नाही. ते पावाच्या रांगेत पडले.

राजधानी पेट्रोग्राड, म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग. १९१७ चा तो हिवाळा फार कडक होता. रेल्वेची इंजिने बंद पडत होती, कोळसा येत नव्हता, पीठ वेळेवर पोचत नव्हते. शहरात धान्य अजिबात नव्हते असे नाही. पण रेशन सुरू होणार ही वार्ता फुटली आणि भट्ट्यांपुढे रांगा वाढल्या. कापड गिरण्यांत दहा-बारा तास राबणाऱ्या बाया पहाटे अंधारात, बर्फात उभ्या राहत आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परतत. २३ फेब्रुवारी हा जागतिक महिला दिन. त्या दिवशी व्हायबोर्ग भागातील गिरण्यांच्या बाया काम टाकून रस्त्यावर आल्या. कोणत्याही पक्षाने त्यांना संपाचा आदेश दिला नव्हता. पुढाऱ्यांनी तर आज संप नको असेच बजावले होते. बायांनी शेजारच्या लोखंडी कारखान्यांच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारून पुरुषांना बाहेर बोलावले. तिसऱ्या दिवशी सारे शहर बंद होते.

झार आदल्याच दिवशी मोगिलेव्ह येथील लष्करी छावणीत गेला होता. तेथून त्याने तारेने हुकूम पाठवला : राजधानीतील दंगल उद्याच्या उद्या थांबवा. २६ तारखेला, रविवारी, सैन्याने गोळीबार केला आणि झ्नामेन्स्काया चौकात कित्येक माणसे पडली. ज्या पलटणीने गोळ्या झाडल्या तिचे नाव व्होलिन्स्की. त्या रात्री बराकीत त्या शिपायांना झोप आली नाही. हे शिपाई म्हणजे तरी कोण? नुकतेच अंगावर खाकी चढवलेले शेतकरीच. चौकात पडलेल्या बायांत त्यांना आपल्या आया-बहिणी दिसल्या. किर्पिच्निकोव्ह नावाच्या सार्जंटने सोबत्यांशी बोलून ठरवले, की उद्या गोळी झाडायची नाही. सकाळी कप्तान हजेरीला आला, त्याला त्यांनी नकार दिला. तो परत फिरला तेव्हा त्याच्यावरच गोळी सुटली. मग ती पलटण शेजारच्या बराकीत गेली, ती पुढच्या बराकीत. संध्याकाळपर्यंत साठ हजारांहून अधिक शिपाई जनतेला मिळाले होते. मृत व जखमी मिळून सुमारे चौदाशे माणसांची किंमत देऊन पेट्रोग्राड मोकळे झाले.

मुलांनो, उत्तरपत्रिकेत लिहायचेच असेल तर या रांगेतल्या बायांचे आणि त्या रात्री न झोपलेल्या शिपायांचे नाव लिहा.

झार आगगाडीने राजधानीकडे निघाला. पण पुढचा मार्ग बंडखोरांच्या ताब्यात असल्याने गाडी वळवून प्स्कोव्ह स्टेशनात आणावी लागली. साऱ्या आघाड्यांवरच्या सेनापतींना तारा करून विचारले गेले, आता काय करावे? एकामागून एक उत्तरे आली : महाराजांनी राजत्याग करावा. ज्या सैन्यासाठी त्याने राजधानी सोडली होती, त्या सैन्याचे सेनापतीही त्याच्या पाठीशी उरले नाहीत. आधी त्याने बारा वर्षांच्या मुलाच्या नावे गादी सोडण्याचे मान्य केले. मग त्या आजारी मुलाच्या काळजीने विचार बदलला आणि भावाच्या, मिखाइलच्या, नावे केली. २ मार्चच्या मध्यरात्रीच्या सुमारास गाडीच्या डब्यात सही झाली. दुसऱ्या दिवशी मिखाइलने कळवले, की जनतेने निवडलेली घटना समिती देईल तरच मी गादी घेईन. तीनशे चार वर्षांचे राज्य संपले. पहिल्या बाईने काम टाकल्यापासून नऊ दिवसही झाले नव्हते.

येथवरची गोष्ट पाडण्याची. पाडणे सोपे नसते, पण ते एकदाच करायचे असते. पुढची गोष्ट अधिक अवघड आहे.

तवरीदा राजवाडा नावाची एक प्रचंड इमारत होती. तेथे ड्यूमा भरत असे. त्या गडबडीत तिच्या एका भागात ड्यूमाचे वकील, प्राध्यापक, जमीनदार बसले व त्यांनी हंगामी सरकार स्थापन केले. प्रिन्स ल्वोव्ह पंतप्रधान, इतिहासाचे प्राध्यापक मिल्युकोव्ह परराष्ट्रमंत्री. दुसऱ्या भागात कामगारांचे व शिपायांचे प्रतिनिधी जमले. ती 'सोव्हिएत', आपल्या भाषेत पंचायत म्हणा. म्हणजे छप्पर एक आणि चुली दोन! सरकारकडे मंत्रिपदे होती, दप्तरे होती, परदेशांची मान्यता होती. पण बंदूक, आगगाडी, टपाल आणि तारघर हे सोव्हिएतच्या शब्दावर चालत होते. युद्धमंत्री गुचकोव्हने आठवड्याभरातच सेनापतीला लिहिले, की सोव्हिएतने चालू दिले तोवरच आपले सरकार चालणार. 

सोव्हिएतचा पहिला हुकूमनामा मला फार बोलका वाटतो. प्रत्येक तुकडीने आपली समिती निवडावी, राजकीय बाबतीत सोव्हिएतचे ऐकावे, हे त्यात होतेच. शिवाय असेही होते, की अधिकाऱ्यांनी यापुढे शिपायांना अरे-तुरे करू नये, आणि शिपायांनी अधिकाऱ्यांना 'हुजूर, सरकार' म्हणू नये. ज्याला आयुष्यभर कोणी 'अहो' म्हटलेले नाही, त्यालाच या कलमाचा अर्थ पुरता कळेल.

मग ज्यांच्या हाती बंदूक होती त्यांनीच सत्ता का घेतली नाही? याचे उत्तर गमतीचे आहे. सोव्हिएतमध्ये तेव्हा मेन्शेव्हिक व समाजवादी क्रांतिकारक या पक्षांचे वजन होते. त्यांचे पुढारी पुस्तके कोळून प्यालेले. पुस्तकात लिहिले होते, की राजेशाहीनंतर आधी भांडवलदार वर्गाचे राज्य येते, समाजवाद मागाहून. तेव्हा सरकार त्यांना चालवू द्यावे आणि आपण राखण करावी. शिवाय आपण पुढे झालो तर सेनापती उलटतील ही धास्ती होतीच.

हंगामी सरकारने काहीच केले नाही असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणे अन्याय होईल. राजबंदी सोडले, वृत्तपत्रे मोकळी केली, धर्म व वंश यांवरून असलेले निर्बंध २० मार्चच्या कायद्याने रद्द केले. स्त्रियांना मताधिकार दिला, तोही इंग्लंडच्या आधी. पण शेतकरी विचारी, जमीन कधी? उत्तर मिळे, घटना समिती ठरवील. शिपाई विचारी, युद्ध कधी थांबणार? उत्तर मिळे, मित्रराष्ट्रांना शब्द दिला आहे. आणि घटना समिती कधी? निवडणूक १७ सप्टेंबरला ठरली, ती पुढे ढकलून १२ नोव्हेंबरवर नेली. वकिली पद्धतीने पाहिले तर यात वावगे काही नव्हते. निवडून न आलेल्या सरकारने जमिनीची वाटणी कशी करावी, हा प्रश्न रास्तच होता. परंतु खेड्यातला शेतकरी आणि खंदकातला शिपाई नोव्हेंबरपर्यंत थांबायला तयार नव्हता. उन्हाळ्यातच शेतकरी जमीनदारांच्या जमिनी आपापल्या हाताने नांगरू लागले. वाटणी होतेय हे कळताच शिपाई आघाडी सोडून गावाकडे पळू लागले.

लेनिन ३ एप्रिलच्या रात्री पेट्रोग्राडला पोचला, तोही शत्रू असलेल्या जर्मनीने आपल्या मुलखातून जाऊ दिलेल्या आगगाडीने. जर्मनीचा हिशेब उघड होता : हा माणूस युद्ध बंद करा म्हणतो, तर जाऊ द्या. आल्या आल्या त्याने सांगितले, की या सरकारला आधार देऊ नका, सारी सत्ता सोव्हिएतला द्या. त्याच्या पक्षातले लोकही चकित झाले. जूनमध्ये सोव्हिएतांचे अखिल रशियन अधिवेशन भरले, तेव्हा हजारांवर प्रतिनिधींत त्याचे बोल्शेव्हिक फक्त १०५ होते.

त्याच्यासमोर उभा राहिला केरेन्स्की. वय छत्तीस, वकील, भाषणात असा की ऐकणाऱ्या बायका अंगावरचे दागिने काढून देत. आधी न्यायमंत्री, मग युद्धमंत्री, जुलैपासून पंतप्रधान. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून शिक्षकाला राहवत नाही. सिंबिर्स्क गावच्या ज्या शाळेत लेनिन शिकला, तिचे मुख्याध्यापक या केरेन्स्कीचे वडील होते. १८८७ साली लेनिनच्या थोरल्या भावाला झारच्या खुनाच्या कटात फाशी झाली. त्या घराशी बोलायला लोक घाबरत असता या मुख्याध्यापकांनी धाकट्याला सुवर्णपदक दिले आणि विद्यापीठासाठी चांगले शिफारसपत्र लिहिले. तीस वर्षांनी त्याच विद्यार्थ्याने त्यांच्या मुलाचे सरकार पाडले.

आता आपल्या समाजातील वाचकांना जवळचा वाटेल असा भाग. झारच्या राज्यात दीड ते दोन कोटी मुसलमान होते : व्होल्गाकाठचे तातार, क्रिमिया, कॉकेशस, तुर्कस्तान. १९१६ साली मध्य आशियातल्या मुसलमानांना सक्तीने मजुरीस नेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा तेथे मोठे बंड होऊन ते रक्तात बुडवले गेले होते. तख्त पडताच १ मे १९१७ रोजी मॉस्कोत अखिल रशियन मुस्लिम परिषद भरली. सुमारे नऊशे प्रतिनिधी आले आणि त्यांत शंभरावर स्त्रिया होत्या! वाद जोरात झाला. आपण जेथे आहोत तेथे सांस्कृतिक हक्क मागावेत, की प्रदेशवार स्वायत्त संघराज्य? ४४६ विरुद्ध २७१ मतांनी संघराज्याचा ठराव झाला. स्त्रियांच्या समान राजकीय हक्कांचा ठरावही संमत झाला. काही मौलवींनी लेखी निषेध नोंदवला, तरी तो टिकला. मुख्लिसा बुबी नावाच्या शिक्षिकेची तर काझी म्हणून निवड झाली. या बाई पूर्वी आपल्या भावांसह एका खेड्यात मुलींची शाळा चालवीत. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला या गोष्टीला.

त्याच परिषदेच्या कार्यकारिणीने ऑगस्टमध्ये आणखी एक काम केले. सरसेनापती कोर्निलोव्हने सोव्हिएतचा बीमोड करण्यासाठी राजधानीवर फौज धाडली. तिच्यात कॉकेशसच्या मुसलमान घोडेस्वारांची 'रानटी डिव्हिजन' होती. लोक तिच्या नावाने कापत. वाटेत रेल्वे कामगारांनी रूळ अडवले आणि थांबलेल्या त्या स्वारांकडे मुस्लिम शिष्टमंडळ गेले. त्यात इमाम शामिलचा नातू होता. ज्या शामिलने झारशी पंचवीस वर्षे झुंज दिली, त्याचा नातू चेचेन-दागेस्तानी स्वारांना त्यांच्याच भाषेत सांगतो आहे, की तुम्हाला कोणावर तलवार चालवायला आणले आहे ते आधी पाहा! स्वारांनी लाल निशाण उभारले. गोळीबार न होताच कोर्निलोव्हचा डाव मोडला.

पण त्याचा फायदा कोणाला झाला? घाबरलेल्या केरेन्स्कीने राजधानीच्या बचावासाठी कामगारांच्या हाती शस्त्रे जाऊ दिली, ती परत आलीच नाहीत. जुलैच्या फसलेल्या दंगलीनंतर लेनिन फिनलंडमध्ये लपला होता व त्याचा पक्ष संपला असे वाटत होते; तोच पक्ष आता रक्षणकर्ता ठरला. सप्टेंबरात पेट्रोग्राड सोव्हिएतमध्ये त्याचे बहुमत झाले आणि ट्रॉट्स्की अध्यक्ष झाला. १० ऑक्टोबरला पक्षाच्या मध्यवर्ती समितीने दहा विरुद्ध दोन मतांनी उठावाचा निर्णय घेतला.

सिनेमात दाखवतात तशी घनघोर लढाई झालीच नाही. २५ ऑक्टोबरला शहरात ट्राम चालू होत्या. पूल, स्टेशने, तारघर, टेलिफोन ही ठाणी रात्रीतून गुपचूप ताब्यात गेली होती. केरेन्स्की सकाळीच मोटारीने आघाडीकडे मदत आणायला निघून गेला. हिवाळी राजवाड्याच्या बचावाला लष्करी विद्यालयाची पोरे आणि स्त्रियांची एक तुकडी होती. रात्री 'अरोरा' जहाजाने बार काढला, तोही रिकामा. पहाटे दोनच्या सुमारास मंत्री पकडले गेले. पलीकडे सोव्हिएतचे अधिवेशन चालू होते. मेन्शेव्हिक व इतर पुढारी निषेध करून उठून गेले आणि सभागृह बोल्शेव्हिकांना मोकळे झाले. दुसऱ्याच रात्री दोन हुकूमनामे निघाले : तहाचा आणि जमिनीचा. जमिनीच्या हुकूमनाम्यातला मजकूर बव्हंशी समाजवादी क्रांतिकारकांचाच होता. त्यांनी तो आठ महिने पेटीत ठेवला होता. लेनिनने एका रात्रीत वाचून दाखवला.

येथेच गोष्ट संपवली तर लेनिनची बाजू बिनतोड वाटेल. पण पुढचे पानही उलटले पाहिजे. घटना समितीची निवडणूक ठरल्याप्रमाणे नोव्हेंबरात झाली. चार कोटींहून अधिक लोकांनी मते दिली. बोल्शेव्हिकांना साधारण चोवीस टक्के मिळाली, समाजवादी क्रांतिकारकांना चाळीसच्या आसपास. ५ जानेवारी १९१८ रोजी त्याच तवरीदा राजवाड्यात समिती भरली. तिच्या समर्थनार्थ निघालेल्या निःशस्त्र मिरवणुकीवर त्याच दिवशी गोळीबार झाला. या वेळी गोळ्या झारच्या नव्हत्या. बहुमत आपल्यामागे येत नाही हे दिसताच बोल्शेव्हिक उठून गेले. पहाटे चारनंतर पहाऱ्यावरच्या झेलेझ्न्याकोव्ह नावाच्या खलाशाने अध्यक्ष चेर्नोव्ह यांच्याजवळ येऊन सांगितले, की पहारेकरी दमले आहेत, सभा आटोपा. घाईघाईने जमिनीचा कायदा मंजूर करून सभासद बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी ते परत आले, तेव्हा दाराला कुलूप होते. ज्या समितीच्या नावावर आठ महिने सारे प्रश्न लांबणीवर टाकले गेले, तिचे आयुष्य एका रात्रीचे ठरले.

मुसलमानांनाही दोन्ही चेहरे पाहायला मिळाले. २० नोव्हेंबरला नव्या सरकारने रशियाच्या व पूर्वेच्या मुसलमानांना जाहीर आवाहन केले, की तुमचा धर्म व रिवाज यापुढे अबाधित आहेत. हजरत उस्मान यांच्या काळची मानली जाणारी कुराणाची प्रत झारच्या ग्रंथालयातून काढून मुसलमानांच्या स्वाधीन केली. आणि दोनतीन महिन्यांतच, फेब्रुवारी १९१८ मध्ये, कोकंद येथे मुसलमानांनी स्थापलेले स्वायत्त सरकार ताश्कंदच्या सोव्हिएतने शहर जाळून मोडून काढले. हजारो माणसे मेली.

त्यानंतरचे यादवी युद्ध हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कोल्चाक, देनिकिन, व्रांगेल यांच्या पांढऱ्या फौजा आणि ट्रॉट्स्कीची लाल फौज तीन वर्षे लढल्या. १९२१-२२ च्या दुष्काळात सुमारे पन्नास लाख माणसे दगावली. निकोलसला बायको-मुलांसह जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबुर्ग येथे एका तळघरात गोळ्या घातल्या गेल्या. त्यात तो आजारी मुलगाही होता, ज्याच्या काळजीने बापाने कागद बदलला होता. मिल्युकोव्ह १९४३ साली फ्रान्समध्ये वारले, चेर्नोव्ह १९५२ साली न्यूयॉर्कला. केरेन्स्की सर्वांत दीर्घायुषी. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये मरेपर्यंत तो त्या आठ महिन्यांत काय घडले हेच लिहीत आणि सांगत राहिला.

मुख्लिसा बुबी वीस वर्षे काझी राहिल्या. १९३७ साली त्यांना पकडून गोळी घालण्यात आली.